सेल्फची वायर

फ्रीगंज, उज्जैन
१२ जानेवारी १९५७

तीर्थस्वरूप भय्यासाहेब,

सकाळपासून तीन पत्रं फाडली. हेही टपालात पडेलसं वाटत नाही.

तुम्ही भोपाळहून सांगितलंत तसा मोटरीचा बिघडलेला सेल्फ स्टार्टर बनवून घेतला. कार्बन पार घिसले होते. आता बटन दाबलं की इंजिन लगेच चालू होतं. तुम्ही म्हणाल, गिऱ्हाईक आणा, विकून टाका.

पण मध्य भारत राज्य गेलं, आपल्या बापूंची कचेरी बंद झाली, तेव्हापासून रोज कोट घालून मोटरीसमोर हँडल मारणं, एवढंच त्यांचं काम उरलं होतं. मी आत बसायची. इंजिन लागलं की धापा टाकत म्हणायचे, "चला मास्तरीणबाई, शाळेत सोडतो!"

काल मिस्त्रीनं हँडल डिकीत टाकलं. म्हणाला, "अब इसकी ज़रूरत नहीं, बाबूजी."

आज बापूंनी कोटच घातला नाही.

तुमच्यावर चिडून काय करू? बनवून तर मीच घेतला.

आत्ताच जाऊन सेल्फची वायर काढून आले आणि ओरडले, "बापू, सेल्फ परत बिघडला हो!"

आतून आवाज आला, "माझा कोट कुठे ठेवलास?"

थांबते. हँडल काढून द्यायचंय.

तुमची खोटारडी बहीण,
सुलू