दोन हातांचं काम

नागपूर
९ मार्च २०२५

ती. आईंना सोनिकाचा प्रभूत सलाम, वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. गुडघ्याला शेक चालू आहे हे वाचून बरं वाटलं. कानाची मशीन पुन्हा शिट्टी मारते म्हणता, तर मारू द्या. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तरी माझी लिहायची सवय टिकली, नाहीतर सासूला पत्र लिहिणारी सून आता अख्ख्या नागपुरात सापडायची नाही.

आता वाईट बातमी. तीन आठवड्यांपूर्वी हिंगण्याला यांच्या कंपनीत प्रेस मशीनखाली अंकुशचा उजवा हात सापडला. तुम्ही शब्बाथशाळेत शिकवलेला अंकुश, आपल्या मंडळीत ढोलकी वाजवणारा. धंतोलीच्या दवाखान्यात नेलं, पण मनगटापासून हात काढावा लागला. दवाखान्याचं बिल कंपनीने भरलं. भरपाई मात्र देत नाहीत, कारण चौकशीत त्याचीच चूक निघाली. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच ती प्रेस खाली येते, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. काम भरभर उरकावं म्हणून त्याने एका बटणाला पट्टी लावून ते दाबूनच ठेवलं होतं म्हणे.

तेव्हापासून हे नीट जेवत नाहीत. अंकुशला नोकरीला यांनीच लावलं, त्याच्या शिफ्टचे सुपरवायझरही हेच, मग मनाला लागणारच. काल शनिवारी, शब्बाथला, वल्हांडण सणाच्या तयारीची सभा होती. वामनराव पाळक आत्मपरीक्षणावर सांगत होते आणि मध्येच हे उभे राहिले, ढसाढसा रडले. प्रभू, मी पापी आहे, मला क्षमा कर, एवढंच म्हणत राहिले. सगळी मंडळी रडली. वामनरावांनी यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, खरा पश्चात्ताप असा असतो. अंकुश लेबर कोर्टात जायचं म्हणत होता, त्यालाही त्यांनी समजावलं की भावाने भावाला कोर्टात खेचू नये. मलाही हलकं वाटलं.

सणासाठी घरातलं खमीर काढायला घेतलं आहे. ब्रेड, टोस्ट, बेकिंग पावडर, जे जे फुगवलेलं किंवा फुगवणारं ते सगळं बाहेर. केयूरच्या दप्तराच्या तळाशी खारीचा चुरा निघाला. त्याला म्हटलं, तुझ्या एकट्यापायी आम्ही सगळे मिसराच्या गुलामीतच अडकणार.

बेखमीर भाकर दरवर्षी तुमच्या हातची असते. कधी येता ते कळवा. आमच्यावरचा लोभ गुडघ्यासारखा कुरकुरू देऊ नका.

तुमची,
सोनिका

परतवाडा
१६ मार्च २०२५

चि. सौ. सोनिका हीस आईचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. अंकुशसाठी रडले. मग तुझ्या नवऱ्याचा मजकूर वाचला आणि रडणं थांबलं.

कशाची क्षमा मागितली त्याने? अख्खी मंडळी रडली, पण विचारलं कुणीच नाही. लहानपणी बरणी फोडली की तो असाच रडायचा, आणि काय फोडलंस म्हटलं की आणखी मोठ्याने रडायचा. ते रडणं मला ओळखीचं आहे.

अंकुश भित्रा पोरगा. शब्बाथशाळेत पाणी प्यायला जायचं तरी विचारून जायचा. कुणी सांगितल्याशिवाय तो मशीनला पट्टी लावणार नाही. कुणी सांगितलं ते अंकितला विचार. भांडू नकोस, जेवण वाढ आणि विचार.

भावाने भावाला कोर्टात नेऊ नये हे वचन मलाही पाठ आहे. भावाने भावाला लुबाडू नये, हे त्याच्याच पुढे आहे. वामनराव तिथपर्यंत पोचले का, तेही कळव.

उत्तर येईपर्यंत मी निघत नाही आणि भाकरीच्या पिठाला हात लावत नाही. केयूरला माझा पापा दे, आणि खारी खाल्ल्याबद्दल रागावू नकोस. म्हातारीवर राग आला तर येऊ दे, पत्र मात्र बंद करू नकोस.

तुझी,
आई

नागपूर
२७ मार्च २०२५

ती. आईंना सोनिकाचा सलाम, वि. वि.

तुम्ही सांगितलं तसंच केलं. पिठलं-भात वाढला आणि विचारलं. घास हातात धरून बसले, मग सगळं सांगितलं. फेब्रुवारीत मोठी ऑर्डर होती आणि माल वेळेत निघत नव्हता. मॅनेजरने यांना झापलं. यांनी चारही प्रेसवरच्या पोरांना सांगितलं की एका बटणाला पट्टी लावा आणि एका हाताने चालवा. अंकुश नको म्हणत होता. हे त्याला म्हणाले, मी आहे ना. अपघात झाल्यावर मॅनेजर म्हणाला, पोराने स्वतःच्या मनाने केलं असं सांग, नाहीतर घरी बस. यांनी तसं सांगितलं.

मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही. पण आई, तुमचाही मला राग आला आहे, लपवत नाही. परतवाड्यात बसून लिहिणं सोपं आहे. नोकरी गेली तर केयूरची दहावी, घर, सगळं माझ्या अंगावर. पोलीस येतील ते वेगळंच. यांनी देवापुढे कबूल केलं ना? देवाला जे पुरतं ते तुम्हाला का पुरत नाही? कंपनी अंकुशला गेटवर बसायचं काम देते म्हणते, फक्त चूक माझी होती असं त्याने लिहून द्यायचं. तेही काही वाईट नाही, असं हे म्हणतात. मीही म्हणते.

काल अंकुशची बायको माया आली होती. तिने विचारलं, ताई, दादा चौकशीत काय सांगून आले? त्याइले तर सारं माहीत होतं. मी म्हटलं मला काही ठाऊक नाही, आणि तिच्यासाठी चहा टाकला. तो तिने प्यायला नाही.

मला काय बोलायचं ते बोला, पण या. सण तुमच्याशिवाय नको.

तुमची,
सोनिका

परतवाडा
३ एप्रिल २०२५

चि. अंकित यास आशीर्वाद. उत्तम की कसे, ते तुझ्यावर.

सोनिकाने कळवलं. त्याचा राग तिच्यावर काढू नकोस.

मी येत नाही. भाकर दुसऱ्या कुणाकडून करून घ्या.

देवाने तुला क्षमा केली की नाही ते मला माहीत नाही. पण हात अंकुशचा गेला आणि खोटं तू अंकुशबद्दल बोललास. मी नर्स होते तेव्हा आमच्या वॉर्डात एक डॉक्टर होता, पू आत ठेवून वरून सुरेख टाके घालायचा. त्याचे पेशंट आठवड्याभराने पुन्हा यायचे, काही आलेच नाहीत. तुझं रडणं मला तसं वाटतं.

नोकरी जाईल. कदाचित तुरुंगही होईल. हे लिहिणं मला जड जातं आहे, कारण तू माझा एकुलता एक लेक आहेस आणि त्यात काही बदल होणार नाही. तरी सांगते. जिथे खोटं बोललास तिथेच जाऊन खरं बोल. वल्हांडणाच्या आधी जा. मग तुझ्या पत्राची मी वाट पाहीन.

आई

नागपूर
१७ एप्रिल २०२५

ती. आईंना सोनिकाचा प्रभूत सलाम, वि. वि.

तुमचं पत्र यांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि वल्हांडणापर्यंत कुठेही गेले नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तिघं मंडळीच्या हॉलवर गेलो. यंदा भाकर मंडळीतल्या चारुशीलाने केली होती. करपली होती.

रीतीप्रमाणे एकमेकांचे पाय धुवायला पुरुष एकीकडे आणि बायका एकीकडे बसल्या. अंकुश आपणहून यांच्यासमोर येऊन बसला. आधी यांनी त्याचे पाय धुतले, मान वर न करता. मग अंकुशची पाळी आली. त्याने डाव्या हातात तांब्या घेतला, तर पाय धरायला हात नाही. पाय धरला तर तांब्या खाली ठेवावा लागे. दोनदा पाणी जमिनीवर सांडलं. आम्ही सगळ्या बघत होतो, कुणी उठलं नाही. मी मायासमोर तसराळं घेऊन बसले होते, तिने केव्हाच पाय मागे ओढून घेतले होते. शेवटी अंकुशने तांब्या यांच्या हातात दिला आणि म्हणाला, तूच पाणी टाक गा दादा, मी पाय धरतो. दोन हाताचं काम एका हातानं नाही होत.

टोमणा नव्हता आई. तो बिचारा खरोखरच अडचण सांगत होता.

यांच्या हातून तांब्या पडला. उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले की पट्टी लावायला मी सांगितलं होतं, तो नको म्हणत होता, आणि चौकशीत मी खोटं बोललो. वामनराव लगबगीने आले, हे आपण उद्या बोलू, आधी प्रभूची भाकर आणि प्याला घेऊ असं म्हणाले. हे म्हणाले, मला प्याला नको. बाहेर जिथे सगळ्यांच्या चपला असतात तिथे जाऊन बसले. अंकुश ओल्या हाताने तसाच बसून राहिला. भाकर त्याच्यापुढून गेली, त्याने घेतली नाही.

सोमवारी आंबेडकर जयंतीची सुट्टी होती. मंगळवारी हे सरकारी लेबर ऑफिसात गेले आणि जबाब लिहून दिला. संध्याकाळपर्यंत कंपनीने निलंबनाचं पत्र पाठवलं. मला फार भीती वाटते. मायाकडे जाऊन मी खोटं बोलले होते ते सांगून आले. तिने ऐकून घेतलं आणि भांडी घासत राहिली.

तुमच्यावर रागावले होते ते आता राहिलेलं नाही. जवळ असता तर कुशीत शिरले असते. लोभ आहेच, तो पुरवून ठेवा.

तुमची,
सोनिका

नागपूर
११ मे २०२५

ती. आईस अंकितचा सलाम, वि. वि.

पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि जामीन झाला. मॅनेजर म्हणतो त्याला पट्टीचं काहीच माहीत नव्हतं. बाकीची तीन पोरं गप्प आहेत, त्यांनाही पोट आहे. अंकुशने भरपाईची केस टाकली आहे आणि त्याच्या बाजूने साक्षीदार मी एकटा. वामनरावांनी मला मंडळीच्या सेवेतून काढलं. खोटं बोललो म्हणून नव्हे, वल्हांडणाच्या टेबलापाशी तमाशा केला म्हणून. सोनिका एका शाळेत लहान मुलांना सांभाळायला जाते. केयूर माझ्याशी बोलतो, पण माझ्याकडे बघत नाही.

अंकुशच्या घरी तीनदा गेलो. दोनदा मायाने दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्यांदा तो स्वतः आला. मी त्याच्या पाया पडलो. तो म्हणाला, तू खरं बोलला दादा, बरं केलं. पण तुले पाहिलं का माहा हात दुखते. जो नाही तोच दुखते. तू नको येत जाऊ.

आई, मला वाटलं होतं की एकदा खरं बोललो की काहीतरी सुटेल. काही सुटलं नाही. थोडे दिवस तुझ्याकडे येऊ का? रागावलीस तरी चालेल, पण उत्तर पाठव.

तुझा,
अंकित

नागपूर
२५ मे २०२५

शामलाबाईले अंकुशचा सलाम.

बाई, हे माया लिहून राहिली, मी सांगून राहिलो. डाव्या हातानं मले नुसतं नाव लिहिता येते.

तुमच्या पोरानं खरं सांगतलं म्हणून केस उभी आहे, हे मी मानतो. पण मंडळीतले लोक दर शब्बाथले घरी येऊन राहिले. वामनराव म्हणतात, दादानं पश्चात्ताप केला, आता तू माफ नाही करशील तर देव तुले माफ करणार नाही. मी म्हणून पाहिलं बाई. माफ केलं, माफ केलं. तोंडातून निघते, पोटातून नाही निघत. शर्टाची बटनं लावाले मायाले बोलवतो, तवा तर बिलकुल नाही निघत.

आता मले भेव वाटते. हात तर गेलाच, आता देव पण जाईन का? लहानपणी तुम्ही शिकवलं म्हणून तुम्हालेच विचारून राहिलो. दादा तुमचा पोरगा आहे, तरी विचारून राहिलो. खरं खरं सांगजा.

तुमचा,
अंकुश

परतवाडा
१ जून २०२५

चि. अंकुश व चि. सौ. माया यांस अ. उ. आ.

पत्र आत्ताच आलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले आहे, कारण या प्रश्नाला तुला एक दिवसही वाट पाहायला लागू नये.

देव जाणार नाही. आत्ता तो तुझ्या जितका जवळ आहे तितका दुसऱ्या कुणाच्या असेल असं मला वाटत नाही. क्षमा करावी हे मीच तुला शिकवलं आणि ते मी मागे घेत नाही. पण पोटातून निघत नसेल तर तोंडाने म्हणू नकोस. आपल्या दोन्ही घरांत खोटं पुरेसं झालं आहे. वामनराव पुन्हा आले तर त्यांना हे पत्र दाखव, आणि बाईंनी विचारलंय म्हणावं की चौकशी चालू होती तेव्हा तुमचे पाय या घराकडे का वळले नाहीत.

अंकित माझ्याकडे येऊ का विचारत होता. मी त्याला येऊ नकोस असं लिहिलं. त्याने नागपुरातच राहायचं. तुझ्या केसच्या प्रत्येक तारखेला तो येईल, साक्ष देईल आणि घरी जाईल. तू त्याच्याशी बोलायची काही गरज नाही. तू कधीच बोलला नाहीस तरी त्याने खरं बोलतच राहायचं.

आता माझं. तू खरं खरं सांगा म्हणालास, म्हणून हेही सांगते. मी त्याची आई आहे. तू त्याला एक दिवस क्षमा करावीस म्हणून मी रोज सकाळी गुडघे टेकते, आणि गुडघे कसे आहेत ते तुला माहीत आहे. पण अंकुश, ते मी देवाकडे मागते. तुझ्याकडे मागणार नाही.

माझ्यावर लोभ ठेवता आला तर ठेव. नाही आला तरी मी तुझी,
बाई