गुरुवारी घेतलेलं रेकॉर्डिंग

काळेवाडी, रविवार

आदरणीय किसनमामा यांना भाचा धम्मरत्न याचा सविनय जय भीम.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमचा गुडघा आणि तुमचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा करतो. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण सुजितचं नाव निघालं की तुम्ही फोन ठेवून देता. जीव टांगणीला नको म्हणून आधीच सांगतो : तुमचा पोरगा पास झाला. आता सावकाश ऐका.

सुजित सैन्यात लागला तेव्हा तुम्ही अख्ख्या सेलूत पेढे वाटलेत आणि तिथंही तो बँडच शिकतोय हे कळल्यावर आठ महिने अबोला धरलात. (आपलं आयुष्य वरातीपुढे वाजवण्यात गेलं, निदान पोरानं तरी वाजवू नये, हे तुमचं म्हणणं मला पाठ आहे.) तर त्यांच्या प्रशिक्षण केंद्रातल्या हॉलचं छप्पर दुरुस्तीला निघालं आणि परीक्षेची रेकॉर्डिंग करायला अठरा पोरं आठवडाभर माझ्या कुरुळीच्या स्टुडिओत आली. सुजित आधी दोनदा नापास झालेला. तिसऱ्यांदा झाला असता तर बँडमधून नाव कटून दुसऱ्या कामावर गेला असता. शुक्रवारी सकाळपर्यंत सगळं वाजवणं परीक्षकांकडे पोचायला हवं होतं.

सोमवार बुटांत गेला. या पोरांना पाय हलवल्याशिवाय वाजवताच येत नाही, आणि माईकवर बासरीपेक्षा बूटच जास्त ऐकू येत होते. शेवटी बूट बाहेर काढायला लावले. काढले तेही एका रेषेत, टाचा जुळवून. गावातल्या दोन म्हाताऱ्या आत कुणाचं प्रवचन आहे म्हणून चौकशीला येऊन बसल्या. मंगळवारी शेजारचा पत्रे ठोकायचा प्रेस सुरू झाला. (स्टुडिओ प्रेसशॉपच्या भिंतीला लागून का घेतलास, हे विचारू नका. भाडं कमी होतं.) या पोरांना शिकवलंय की मोठ्या ढोलाच्या ठोक्यावर चालायचं, आणि आमच्या भागात प्रेसपेक्षा मोठा ढोल कुठला? ऐटीत निघालेली चाल दोन मिनिटांत प्रेसच्या ठोक्यावर आली आणि एखाद्याला पोचवायला निघाल्यासारखी वाजू लागली. सुभेदार उद्धवराव म्हणजे त्यांचे शिक्षक. त्यांचा चेहरा बघून मी प्रेसवाल्याच्या हातापाया पडलो. त्याला शिफ्ट संपायच्या आत कंपनीला माल द्यायचा होता, तरी जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास त्यानं दिला. त्या अर्ध्या-अर्ध्या तासात बुधवारपर्यंत सगळ्यांचं एकत्र वाजवणं उरकलं. राहिलं एकेकट्याचं.

मग मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, गुरुवारी या. गुरुवारी कारखान्यांच्या अख्ख्या पट्ट्याला सुट्टी, एक यंत्र हलत नाही. मामा, अकरा वर्षं मी इथं राहतोय. गुरुवारी सुट्टी का असते, तर दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद ठेवतात म्हणून, एवढंच तेवढं विसरलो. दहा वाजता अठरा पोरं मोजे घालून उभी, बाहेर चिटपाखरू नाही, आणि मी बटण दाबलं तर काहीच नाही. सुभेदारांनी शिवी दिली नाही. माझं पूर्ण नाव विचारलं आणि वहीत लिहून घेतलं.

लॅपटॉपच्या बॅटरीवर एक माईक चालवता येत होता. पंखा बंद, दार बंद, मोबाइलच्या उजेडात एकेकाला पाच मिनिटं, चुकलं तरी दुसरी संधी नाही. आता सैन्यात रांग लागते उंचीप्रमाणे, आणि सुजित तुमच्यावर गेलाय. म्हणजे अठरावा. त्याची पाळी आली तेव्हा बॅटरी सहा टक्के होती. सुरुवातीला त्याचा सूर कापला. मग त्यानं डोळे मिटले, पाय आपोआप चालायला लागला आणि मामा, मी आकड्याकडे बघायचंच विसरलो. शेवटचा सूर संपला तेव्हा दोन टक्के उरले होते. मी रडलो, ते घामात खपून गेलं.

सुभेदारांनी विचारलं, "तुला हे शिकवलं कुणी?"

"बापानं, साहेब. शिकू नको, शिकू नको म्हणत."

काल निकाल आला. अठराच्या अठरा पास. मी सहा दिवसांनी पोटभर जेवलो आणि दुपारी ताणून दिली. मामीला, लहानमोठ्यांना जय भीम.

तुमचा,
धम्मरत्न

ता.क. : पुढच्या महिन्यात १४ तारखेला त्यांची परेड आहे, घरच्यांना बसायला खुर्च्या असतात. बोलवायची सुजितची छाती होत नाही, म्हणून मी बोलावतोय. पत्राचं कारण एवढंच.

ता.क. २ : एवढंच नाही. बुधवारी सुजितच्या सरकारी क्लॅरिनेटच्या चावीची गादी निसटली, सूर धड फुटेना. गुरुवारी त्यानं वाजवलं ते तुमच्या क्लॅरिनेटवर. होय, तीच, उन्हाळ्यात हरवलेली. मामी इथं आली तेव्हा लुगड्यांच्या घडीत घालून घेऊन आली आणि पोराला लागली तर असू दे म्हणून माझ्याकडे ठेवून गेली. तुम्ही मात्र भैरूनं विकली म्हणून त्याला तुमच्या बँडमधून काढलंत. वीस वर्षं तुमच्या शेजारी वाजवणारा माणूस, मामा. त्याला परत घ्या आणि परेडला सोबत आणा. बारीक अक्षर तुम्हाला दिसत नाही, म्हणजे हे पत्र मामीच वाचून दाखवत असणार आणि इथं येऊन तिचा घसा कोरडा पडला असणार. आधी तिला पाणी द्या, मग चपला घाला आणि भैरूकडे जा.