रिकाम्या ताटाचा फोटो

३ सप्टेंबर, रविवार
संताप. ज्या माणसाने हॅलिफॅक्समधली निम्मी जनता ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास केली, त्याला आता जेवणाचे फोटो काढायला लावतात! जूनमध्ये कॅन्सरसकट माझं अख्खं जठर काढलं. गेलं तर गेलं. पण हॉस्पिटलातली आहारतज्ज्ञ, सायमा मलिक नावाची पंचविशीतली पोरगी, म्हणते, मिस्टर ओल्ड्रॉइड, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खा आणि दर वेळी मोबाइलवरच्या ॲपमध्ये दोन फोटो टाका, खाण्याआधी एक, खाऊन झाल्यावर एक. वजन टिकलं तर पोटातली नळी काढू. घसरलं तर रात्रभर मशीनने अन्न सोडणं पुन्हा सुरू.

ती नळी मला नको आहे. बाकी काही मागत नाही.

संकल्प: फोटो वेळच्या वेळी. मात्र सहा वेळा चिवडत बसणार नाही. माणसं तीनदा जेवतात.

संध्या. ५
रोस्ट बीफ, बटाटे, यॉर्कशायर पुडिंग, ग्रेव्ही. बायकोने, ग्लेनिसने, माझं जेवण चहाच्या बशीत वाढलं. मी काय चिमणी आहे? मोठं ताट मागून घेतलं. फोटो. तिसऱ्या घासाला दरदरून घाम, छातीत धडधड, सोफ्यावर आडवा. ग्रेव्ही फार दाट होती, मी तिला तसं सांगितलंही. उरलेलं ग्लेनिसने संपवलं. तिच्या वेल्समधल्या माहेरी अन्न टाकणं म्हणजे पाप.

ताट लख्ख झालं. फोटो. ॲपने हिरवी खूण दिली, वर ‘शाब्बास!’ मी आयुष्यात कुणाला शाब्बास म्हटलेलं नाही. पण बरं वाटलं.

८ सप्टेंबर, शुक्रवार
सगळ्या खुणा हिरव्या. नवीन पँट मात्र ढिली पडायला लागली आहे. हल्ली कापडात दम नाही. दुकानाला खरमरीत पत्र लिहिलं.

ग्लेनिसने विचारलं, त्या फोनमध्ये काय एवढं बघतोस? म्हटलं, वैद्यकीय आहे, तुला नाही कळायचं.

१२ सप्टेंबर, मंगळवार
हॉस्पिटल. ग्लेनिस गाडीला जागा शोधत बाहेर फिरत होती, म्हणून एकटाच आत गेलो. वजन दोन किलोने कमी. म्हटलं, काटा बिघडलाय. सायमा स्वतः काट्यावर उभी राहिली आणि म्हणाली, दुर्दैवाने बरोबर आहे. हसली वर! मग माझे फोटो चाळत कपाळाला आठ्या. तुम्ही तर मस्त जेवताय, मिस्टर ओल्ड्रॉइड, ताटात कणही राहत नाही.

म्हटलं, मग!

यात खोटं काय? ताट भरलेलं होतं, ताट रिकामं झालं. ॲप ताटाबद्दल विचारतं. कुणी रिकामं केलं, हे विचारत नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी काही वेडा नाही.

१५ सप्टेंबर, शुक्रवार
सायमाचा फोन. एवढं खाऊनही वजन उतरतंय हे बरं लक्षण नाही, सर्जनशी बोलले, तातडीने स्कॅन करू. पोटात गोळा आला, असं लिहिणार होतो, पण पोटच नाही.

ग्लेनिसला एवढंच सांगितलं, की स्कॅन आहे. ती किटली हातात घेऊन उभीच राहिली. मग माझ्या ताटातली सॉसेज आणि कुस्करलेले बटाटे सगळे खाऊन टाकले. काळजी लागली की तिला भूक लागते. मी फोटो काढला. हिरवी खूण.

सर्जनने छातीठोकपणे सांगितलं होतं, सगळं काढलंय म्हणून! म्हणजे काढलेलं नाही. मी व्यवस्थित जेवतोय, पुरावे फोनमध्ये आहेत. मग वजन खातंय कोण? तोच. परत आलाय. हरामखोर माणसं, धड एक काम येत नाही.

१९ सप्टेंबर, मंगळवार
ग्लेनिसने भांडी घासता घासता हळूच विचारलं, नॉर्मन, तुला कुठलं भजन आवडेल? कशासाठी ते म्हणाली नाही, पण अंत्यविधीची भजनं आधी ठरवतात हे मलाही ठाऊक आहे. मी एवढा ओरडलो की शेजारच्यांनी टीव्ही बारीक केला. ती सिंककडे तोंड करून रडली.

मला भीती वाटते आहे. लिहून टाकतो, कोण वाचणार आहे. रागावलं की जरा कमी वाटते.

२२ सप्टेंबर, शुक्रवार
स्कॅन झाला. मशीनवाल्याला सरळ रेषेत ट्रॉली ढकलता येत नाही. नापास.

२८ सप्टेंबर, गुरुवार
निकाल. दोघं गेलो. सर्जन म्हणाला, स्वच्छ आहे, कुठे काही नाही. ग्लेनिसने माझा हात असा काही दाबला! मीही... असो.

मग तो म्हणाला, तर मग हे सगळं अन्न जातंय कुठे? सायमाने स्क्रीन आमच्याकडे फिरवली. रिकामं ताट, रिकामं ताट, रिकामं ताट. ग्लेनिसने चष्मा लावला आणि वाकून पाहिलं. म्हणाली, अहो, हे तर मी जेवले. हेही मीच. पावाने ग्रेव्ही पुसून घेतलीय बघा, याने जन्मात कधी पुसली नाही. आणि हा माझा अंगठा.

मी म्हटलं, ॲपने विचारलं नव्हतं. सर्जन म्हणाला, या स्कॅनसाठी कुणाचा तरी नंबर मागे ढकलला होता. सायमाने विचारलं, मग तुम्ही किती खात होतात? म्हटलं, तीन घास. कधी चार.

गाडीपाशी ग्लेनिसचा बांध फुटला. दोन आठवडे मी तुझ्या शवपेटीचं लाकूड ठरवत होते रे! आणि वर तुझंच जेवण गिळत होते. माझ्या स्कर्टचं हूक लागत नाही, नॉर्मन! एका शब्दाने सांगता आलं नाही तुला?

म्हटलं, मला वाटलं मी जेवतोय. ती म्हणाली, गाडीत बस.

२९ सप्टेंबर, शुक्रवार
रात्रीचं मशीन पुन्हा लावलं. आवाज फार करतं. तक्रार करणार होतो, पण कुणाकडे?

१ ऑक्टोबर, रविवार
ग्लेनिसने बशीत वाढलं. बीफचा एक तुकडा, एक बटाटा, ग्रेव्ही पातळ. म्हणाली, मी आता तुझ्या ताटाला हात लावणार नाही, आणि चॅपलमध्ये प्रार्थनेला निघून गेली. ताट मागायला घरात कुणी नव्हतं. आधीचा फोटो काढला. चावून चावून खाल्लं. चार घास. घाम नाही आला. बराच वेळ बसून राहिलो, पण उरलं ते उरलंच; चार घास गेलेत हे बशीकडे बघून कळतही नव्हतं. नंतरचा फोटो काढला.

ॲपने विचारलं: तुम्ही चुकून एकच फोटो दोनदा पाठवला आहे का?

‘नाही’वर दाबलं.