काम संपलं, घरी गेली

४ तारीख, मंगळवार

पोचले बाई एकदाची! स्टेशनपासून साडेतीन तास गाडी, आणि शेवटचा तासभर असा रस्ता की पोटातलं पाणीच काय, दातसुद्धा हलले. पण जागा बघितली आणि शीण गेला. एक बंद पडलेली सॉ मिल, म्हणजे लाकडं कापायची गिरणी, मागे दाट झाडी, पुढे उघडं माळरान, आणि कामगारांसाठी बांधलेल्या दहा खोल्यांची एक रांग. सगळं युनिट त्या खोल्यांत राहतं. चार नंबरची खोली मला आणि भाचीला मिळाली आहे. पलंग कुरकुरतो, पण खिडकी मोठी आहे.

सिनेमा नेहमीचाच. चार मित्रमैत्रिणी आडगावात सुट्टीला येतात आणि मुखवटा घातलेला कोणीतरी कुऱ्हाडीनं त्यांना एकेक करून संपवतो. असले तीन सिनेमे मी केले आहेत. तिन्हीत गाडी बंद पडते, तिन्हीत कोणीतरी शहाणा म्हणतो की आपण वेगवेगळे जाऊन शोधू, आणि तिन्ही वेळा मी मनात म्हणते, जा, मर मग.

माझं काम कंटिन्युइटीचं. कुणाची बाही किती दुमडली होती, रक्ताचा डाग कुठल्या गालावर होता, हे वहीत टिपायचं. सिनेमा उलटसुलट क्रमानं काढतात, त्यामुळे हे कुणीतरी लक्षात ठेवावं लागतं. आधीची बाई मध्येच सोडून गेली म्हणून मला घाईनं बोलावलं.

खरा आनंद भाचीचा. तिचं हे पहिलंच मोठं काम, आणि तेही शेवटी जिवंत उरणाऱ्या मुलीचं. ती महिनाभर आधीच आली आहे. मी येते आहे म्हटल्यावर माझी बहीण सुटकेनं रडलीच. फोनवर म्हणाली, पोरगी आता तुझ्या भरवशावर. मी म्हटलं, अगं, वाढवली कुणी तिला, निम्मी मीच ना!

६ तारीख, गुरुवार

इथं दिवसा रात्र करतात. खिडक्यांना काळी कापडं, आत निळा दिवा, आणि दुपारी बारा वाजता सगळे मध्यरात्र असल्यासारखे दबकत चालतात. बाहेर आलं की उन्हानं डोळे दिपतात. दोन दिवसांत माझा घड्याळावरचा विश्वास उडाला आहे.

आधीच्या बाईची वही मिळाली. माझ्याच टेबलाच्या खणात होती, निम्मी भरलेली, पेन्सिल आत तशीच. हे मला खटकलं. आमच्या धंद्यातलं माणूस घाईत चप्पल विसरेल, चष्मा विसरेल, वही विसरणार नाही. दिग्दर्शकाला विचारलं तर म्हणाला, घरी काहीतरी निघालं तिच्या. एवढंच बोलला आणि वही माझ्या हातातून काढून घेऊन गेला.

हा दिग्दर्शक माणूसघाणा आहे. बोलतो कमी, बघतो जास्त. सकाळी नाश्त्याला दारात उभा राहून सगळ्यांना मोजतो. मला आमच्या शाळेच्या सहलीतले गुरुजी आठवले.

त्याची भरपाई गाडीवाले करतात. त्यांना सगळे टायमिंगकाका म्हणतात, कारण माणूस कधी एक मिनिट इकडेतिकडे होत नाही. पाठ दुखते म्हणून माझ्यासाठी त्यांनी सीटवर उशी आणून ठेवली होती. गोड माणूस. शूटिंग बघायची भारी हौस. कोणी मरायचा सीन असला की हातातलं काम टाकून येऊन उभे राहतात.

८ तारीख, शनिवार

आज विनोदी मित्र मेला. म्हणजे सिनेमात. सहा वेळा मेला, कारण दर वेळी त्याला हसू यायचं. शेवटी दिग्दर्शक ओरडला तेव्हा नीट मेला.

इथली एक पद्धत मला आवडली. ज्याचं मरण काढून झालं, त्याचं काम संपलं. मग सगळे टाळ्या वाजवतात, त्याला मिठ्या मारतात, टायमिंगकाका त्याची बॅग उचलतात आणि लगेच स्टेशनवर सोडायला निघतात. रोजच्या यादीत त्याच्या नावापुढे लिहायचं, काम संपलं, घरी गेला. ते लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. मी येण्याआधी गिटारवाला मित्र असाच गेला. आता चष्मेवाली मैत्रीण आणि माझी भाची, दोघीच राहिल्या.

विनोदी मित्रानं जाताना माझ्याकडून बहिणीचा नंबर घेतला. म्हणाला, इथं फोन लागत नाही, तेव्हा घरी पोचल्या पोचल्या फोन करून सांगतो, मावशी-भाची मजेत आहेत म्हणून.

टायमिंगकाका मात्र आजच्या सीनवर नाराज होते. मला म्हणाले, ताई, माणूस एवढा ओरडत नाही हो, नुसती हवा निघाल्यासारखा आवाज येतो. मी म्हटलं, तुम्हीच व्हा दिग्दर्शक. खूप हसले.

११ तारीख, मंगळवार

मागच्या टेकडीवर फोन लागतो असं कळलं म्हणून सकाळी चढून गेले. बहिणीला लावला. तिला कुणाचाच फोन आला नव्हता. विसरला असेल मेला, म्हटलं. तरी मला त्याच्याशी काम होतंच. शनिवारच्या एका शॉटमध्ये त्याच्या हातात घड्याळ आहे आणि पुढच्यात नाही, त्यामुळे अर्ध्या दिवसासाठी परत बोलवावं लागणार होतं. त्याचा फोन बंद. घरचा नंबर माझ्या यादीत होता, तो लावला. त्याच्या वडिलांनी उचलला.

शूटिंगवरून बोलते आहे एवढं म्हणायचा अवकाश, त्यांनीच विचारलं, "काय म्हणतोय आमचा पोरगा? अजून किती दिवस शूटिंग?"

मी काहीतरी पुटपुटले आणि फोन ठेवला. त्यांना खरं सांगायला हवं होतं.

खाली येऊन दिग्दर्शकाला एवढंच म्हटलं की विनोदी मित्राचा एक शॉट परत घ्यावा लागेल, त्याला बोलवा. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाला, त्याला बोलवायचं नाही. मग खोलीचं दार लावून घेतलं आणि विचारलं, फोनवर अजून कुणाकुणाशी बोललात. मी म्हटलं, बहिणीशी. खोटं बोलले. का बोलले ते मलाच माहीत नाही, पण त्या माणसासमोर खरं बोलवेना.

१२ तारीख, बुधवार

चष्मेवालीचं मरण झालं. टाळ्या झाल्या. टायमिंगकाकांनी बॅगही उचलली. तेवढ्यात दिग्दर्शक मध्ये आला आणि म्हणाला, कोणी जायचं नाही. काम संपलं तरी इथंच राहायचं. चष्मेवाली रडायला लागली. तिच्या बहिणीचं लग्न आहे.

टायमिंगकाकांनी बॅग खाली ठेवली आणि हात पुसत राहिले.

भाचीला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती घाबरली की तिच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं, आणि दिग्दर्शक चेहरेच बघत असतो. पण पोरगी हुशार. मला विचारते, मावशी, तू जेवत का नाहीस.

१३ तारीख, गुरुवार

सकाळी सहाला दात घासायला बाहेर आले. दिग्दर्शक चष्मेवालीच्या खोलीची कडी काढत होता. बाहेरून. म्हणजे रात्रभर तिला कोंडून ठेवलं होतं! मला बघून म्हणाला, ताई, तुमच्या दाराला आतून कडी घालत जा.

हे सांगणं होतं की धमकी, मला कळत नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं असेल. गिरणीचा म्हातारा राखणदार बाकावर बसून सगळं बघत होता. त्याला विचारलं, गावात कोणी वेडंवाकडं आहे का. चिडलाच. तुमच्या सिनेमात नेहमी गावचाच माणूस खुनी, म्हणाला. आमच्याकडे तुम्ही यायच्या आधी कोणी हरवलं नव्हतं.

मी कोणी हरवलं असं म्हटलंच नव्हतं. म्हणजे त्यालाही माहीत आहे.

सगळ्यांना थोडं थोडं माहीत आहे आणि कोणी कुणाशी बोलत नाही.

१४ तारीख, शुक्रवार

गुलाबी कागद आले. पटकथेत बदल झाला की बदललेली पानं गुलाबी कागदावर येतात. मी उभ्या उभ्या वाचली.

शेवट बदलला आहे. आता ती वाचत नाही. माझी भाचीही मरते. परवा, रविवारी, झाडीत. एकच शॉट. सेटवर फक्त दिग्दर्शक, कॅमेरामन आणि मुखवटा.

मी विचारलं, का. म्हणाला, लवकर संपवायचं आहे.

"काय संपवायचं आहे?" मी विचारलं. तो उरलेली पानं वाटायला निघून गेला.

१५ तारीख, शनिवार

झोप नाही. ती शेजारी शांत झोपली होती, हात उशीखाली, लहानपणी झोपायची तशी. बहिणीला काय तोंड दाखवू मी.

ठरवलं. सकाळी टायमिंगकाकांना गाठलं. दुसरं आहे कोण इथं भरवशाचं? सगळं नाही सांगितलं. एवढंच म्हटलं की पोरीला इथून काढायचं आहे, दिग्दर्शकाला न कळता. त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. म्हणाले, ताई, माझ्यावर सोडा. उद्या एक वाजता सगळे जेवायला शेडमध्ये असतात, तेव्हा मागच्या फाटकातून.

मला पाय धरावेसे वाटले त्यांचे.

मी बरोबर जाऊ शकत नाही. दोघी दिसलो नाही तर पाच मिनिटांत शोध सुरू होईल. मी इथंच त्याच्या नजरेसमोर राहीन.

१६ तारीख, रविवार, दुपारी दीड

गेली. एक वाजता बरोबर. मागच्या सीटवर आडवी झोपवली, वर शाल. नको म्हणत होती. मावशी तू पण चल. मी रागावले तिच्यावर. शेवटचं बोलणं रागावूनच—

शेवटचं का लिहिलं मी. संध्याकाळी स्टेशन, उद्या घर.

बाकीच्यांनी विचारू नये म्हणून यादीत तिच्या नावापुढे लिहून टाकलं. काम संपलं, घरी गेली. दोघांनी वाचलं, बरं झालं म्हणाले. कोणी काही विचारलं नाही.

दुपारी तीन

दिग्दर्शकाला कळलं. यादी हातात घेऊन माझ्या खोलीत आला. मी म्हटलं, हो, मी पाठवली, काय करशील? मारशील मला?

तो म्हणाला, "ताई, घरी गेलेल्यांपैकी एकही घरी पोचलेला नाही."

आधीची कंटिन्युइटीवाली. गिटारवाला. विनोदी मित्र. त्याला आधी नुसती शंका होती, आठवडाभरापासून खात्री. कंपनीला कळवलं तर शूटिंग बंद पडेल म्हणून गप्प बसला. कोण ते कळत नव्हतं, सगळ्यांवर संशय. माझ्यावरसुद्धा. म्हणून कोणाला जाऊ द्यायचं नाही, दाराला कडी, सकाळी मोजणी. शेवट बदलला तो दोन दिवस आधी संपवून सगळ्यांनी एकत्र निघावं म्हणून.

मग हळूच विचारलं, कुणाबरोबर पाठवलीत?

मी सांगितलं.

सांगता सांगताच मला कळलं. त्यालाही कळलं. तिघांनाही नेणारा माणूस एकच होता. आम्ही इतके दिवस गावकरी बघितले, मुखवटा बघितला, एकमेकांना बघितलं—

मी स्वतः बसवली तिला. माझ्या हातानं.

साडेतीन

सगळे जनरेटरच्या ट्रकमधून स्टेशनच्या रस्त्याला गेले. दिग्दर्शक मला म्हणाला, तुम्ही थांबा, पोरगी परत आली तर कोणीतरी हवं. राखणदार टेकडीवर पोलिसांना फोन करायला गेला आहे.

मी पायरीवर बसले आहे. देवा, माझं काय हवं ते कर.

चार वीस

गाडी आली. मागच्या फाटकातून.

स्टेशनला जाऊन यायला सात तास लागतात. तीन तास वीस मिनिटं झाली.

एकटाच आहे. हसतो आहे. नळावर हात धुतो आहे, कोपरापर्यंत. म्हणाला, पोचवलं बघा ताई. मागची सीट ओली. शाल नाही.

ओरडले नाही मी. ओरडून ऐकणार कोण? आणि ओरडले तर ती कुठे आहे ते कधीच कळणार नाही. त्याला अजून वाटतं, मला काही माहीत नाही.

मी म्हटलं, काका, माझंही काम संपलं. मलाही सोडा.

त्यानं उशी नीट केली.

गाडीत

मागे बसून लिहिते आहे. तो समजतो कामाची वही.

मागचं फाटक. कच्चा रस्ता. डावीकडे वळला. स्टेशन उजवीकडे.

तोडलेल्या ओंडक्यांचा ढीग. पुढे ओढा. ओढ्यातून गाडी नेली. पुन्हा डावीकडे, दोन झाडांमधून. शोधायला याल तर हे बघा. वही इथे खिडकीतून टाकणार आहे.

थांबला. इंजिन बंद. आरशात माझ्याकडे बघतो आहे. उतरला. डिकी उघडतो—

आवाज. खालून, ओढ्याच्या अंगानं. बारीक.

मावशी, मावशी अशी हाक. तीच. तीच आहे! जिवंत आहे, ओढ्याच्या पलीकडे, लवकर या, ती अजून जिवं