उमेदवाराची पैंजणं

आण्णा, जय जिनेंद्र.

आम्ही सगळी बरी हाय. फोनवर बोललं तर आईला कळंल, म्हणून चिठ्ठी.

या इलेक्शननं कोल्हापुरात नुसता वीट आणलाय. दिवसभर भोंगे, आणि दारात तीच तोंडं, फक्त गळ्यातली उपरणी बदललेली. काल एका उमेदवाराची बायको चांदीची म्हणून गल्लीत पैंजणं वाटून गेली. मी घासून बघितलं, तर आत पितळ! किळस आली.

मग पैंजणाच्या टोकाचा, अडकवायचा आकडा बघितला. उलटा वळवलेला. तुम्ही डावखुरे. हुपरीच्या चांदी कारागिरांत असा आकडा दुसरं कोण वळवत न्हाय.

शेजारणी विचारत होत्या, "तुझं माहेर हुपरीचं, खरी चांदी हाय न्हवं?" तुमच्यासाठी व्हय म्हटलं. आता माझीच मला किळस येती.

तुमचा गुडघा कसा हाय?

पैंजणं सोबत धाडल्यात. आईच्या पायात घालून दाखवा.

तुमचीच लेक,
त्रिशला