बोकसुनी गोठ्यात आणि बोकसुनी ताटात

दालगोक,
किमची घालून झाल्यानंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप वन्संना,

धाकट्या भावजयीचा, ओकहीचा, वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मासानची खारी हवा गुडघ्यांना वाईट असं मी दरवर्षी लिहिते आणि तुम्ही दरवर्षी तिथेच राहता, म्हणून यंदा लिहीत नाही. किमचीचा डबा वेगळा पाठवला आहे. यंदा कोबी जरा पाणचट निघाला, त्याचा दोष माझ्या हाताला देऊ नये. सासूबाईंची तब्येत ठणठणीत आहे (त्यांच्याविषयी पुढे बरंच येणार आहे, म्हणून इथे एवढंच). परवा तुम्ही फोनवर विचारलंत, तिकडे सगळं ठीक ना, आणि मी हो म्हणाले. त्या वेळी सासूबाई शेजारीच बसल्या होत्या आणि त्यांच्या कानातलं यंत्र चालू होतं (ते कधी चालू असतं आणि कधी बंद, हे त्या कुणाला कळू देत नाहीत). म्हणून हे पत्र. लांब होणार आहे, बार्लीचा चहा करून मगच वाचायला बसा.

सगळ्याचं मूळ आमचे तालुकाप्रमुख नाम साहेब. गेल्या हिवाळ्यात ते सोलला कुठलंसं तंत्रज्ञानाचं प्रदर्शन बघायला गेले आणि येताना पिशवीभर माहितीपत्रकं आणि ‘भविष्य-धोरण’ हा शब्द घेऊन आले. माणसं कमी होत चालली आहेत, शाळा बंद पडली, शेजारच्या तालुक्यात बिनचालकाची बससुद्धा सुरू झाली (ती पुलाच्या अलीकडे थांबते आणि पुढे जायला तयार होत नाही, पण सुरू झाली), मग आपणच मागे का, असं त्यांचं म्हणणं. तुम्हाला माहीतच आहे, मी कचेरीत लागल्यापासून डुकरांच्या वासाच्या तक्रारी घेण्याच्या टेबलावर होते. त्यातल्या निम्म्या तुमच्या भावाच्या गोठ्याबद्दल असायच्या, हेही तुम्हाला माहीत आहे. तर साहेबांनी मला बोलावून सांगितलं, “ओकहीबाई, वास वस्तूच्या आधी पोचतो. जे अजून आलेलं नाही त्याची चाहूल लागणारं माणूस या कचेरीत तुमच्याशिवाय दुसरं नाही.” यात कौतुक किती आणि टोमणा किती, याचा माझा हिशेब अजून लागलेला नाही. पण मी भविष्य-धोरण कक्षाची प्रमुख झाले. कक्ष म्हणजे मी आणि एक प्रिंटर.

काम असं, की जगात जे अजून नाही पण येऊ घातलंय ते शोधायचं, त्यातलं आपल्या कामाचं कुठलं ते ठरवायचं, आणि ते यायच्या आत त्याच्या वाटेत जाऊन उभं राहायचं. (वाटेत उभं राहिलेल्याला गाडी उडवते, हे साहेबांच्या लक्षात आणून द्यायचा मी प्रयत्न केला.) मी महिनोन् महिने वाचत बसले. मेंदूतल्या चिपा, कधी न उतरणाऱ्या बॅटऱ्या, मुठीएवढे उपग्रह, एक ना दोन. मी लिहून साहेबांपुढे नेलं की ते चष्मा कपाळावर चढवून एकच विचारायचे, यात दालगोक कुठे आहे? मेंदूतल्या चिपेत दालगोक कुठून आणू मी? शेवटी सोलहून ब्योन नावाचे एक डॉक्टर आणले, औषधाचे नाहीत, विज्ञानाचे. त्यांचे बूट पांढरेशुभ्र. सभागृहात सगळ्या संघटनांचे लोक बसले होते. डॉक्टरांनी क्वांटम संगणक समजावून सांगितला, की त्यात एकच गोष्ट एकाच वेळी असतेही आणि नसतेही. पर्सिमॉनची फळं सुकवणाऱ्यांच्या अध्यक्षांनी मान डोलावली. “म्हणजे आपला नदीवरचा नवा पूल,” ते म्हणाले. तो विषय तिथेच संपला.

मग डॉक्टरांनी मांसाचं सांगितलं. जिवंत जनावराच्या अंगातून चिमूटभर पेशी काढायच्या, त्या स्टीलच्या मोठ्या भांड्यात खाऊपिऊ घालून वाढवायच्या, आणि जनावर तिकडे लोळत असताना इकडे त्याचं मांस तयार. नाम साहेबांचा चष्मा आपोआप खाली आला. दालगोकचं काळं डुक्कर सगळ्या प्रांतात नावाजलेलं. यात दालगोक आहे, ते म्हणाले. आणि वन्सं, खरं सांगते, मलाही ते पटलं. इतक्या महिन्यांच्या वाचनात पहिल्यांदा मला काहीतरी पटलं.

आता काळ्या डुकरांच्या संघटनेचे अध्यक्ष कोण, ते तुम्हाला सांगायला नको, आणि हे त्या सभेला आले नव्हते. मी त्याच दिवशी घरी सांगणार होते. जेवण झाल्यावर सांगू म्हटलं, मग बातम्या संपल्यावर सांगू म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी हे केस कापायला गेले.

“तू माझ्या डुकरांना बेकार करणार म्हणे,” हे आल्या आल्या म्हणाले.

मी म्हटलं, “बेकारीचं त्यांना काही वाईट वाटायचं नाही. त्यांच्या नोकरीत कुणीच फार दिवस टिकत नाही.”

(हे बोलायला नको होतं. पण बोलले.)

“न्हाव्यानं सांगितलं मला. न्हाव्यानं.”

“अहो, हे येणारच आहे. आपण नको म्हटलं म्हणून थांबणार नाही. दुसऱ्या कुणाच्या डुकराचं येण्यापेक्षा आपल्याच डुकराचं येऊ दे, दालगोकचं नाव तरी राहील. डुकरं पाळणारी घरं उरलीत किती? त्यातला साठीच्या आतला एक माणूस दाखवा मला.”

हे म्हणाले, “पोरीला विचार.” पोरीला काय विचारायचं? ती सोलला गेल्यापासून पाला खाते.

त्यानंतर यांनी माझ्याशी सरळ बोलणं टाकलं. जे काही सांगायचं ते सासूबाईंच्या मार्फत. “आई, तिला सांग, मीठ जास्त पडलंय.” सासूबाई माझ्याकडे वळून म्हणायच्या, “तो म्हणतोय, पीठ आण.” भांडण वाढवायला नको म्हणून मी आणत गेले. आज घरात इतकं पीठ आहे की तुम्ही सगळे आलात तरी वसंतापर्यंत पुरेल.

पेशी द्यायला एकही गोठेवाला तयार होईना. साहेब म्हणाले, तुमच्या घरीच आहे की. मी मनाचा हिय्या करून यांना विचारलं, आणि हे चक्क हो म्हणाले. अट एकच: पर्सिमॉनच्या जत्रेत सगळ्यांसमोर दोन ताटल्या मांडायच्या, एक त्या भांड्यातली आणि एक यांनी स्वतः भाजलेली. कुठली ताटली कुणाची ते न सांगता खायला द्यायचं, आणि लोकांनी ठरवायचं. यांना आपल्या डुकरावर तेवढा भरवसा. पेशी काढल्या त्या बोकसुनीच्या (ही यांची लाडकी डुकरीण. नाव माझ्या आत्याचंच का ठेवलं ते मी कधी विचारलं नाही). डॉक्टर सुई घेऊन आले तेव्हा हे तिचं पोट खाजवत तिच्या कानात काहीतरी पुटपुटत होते. ती डोळे मिटून पडून राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कानात हे असं कधी काही पुटपुटले नाहीत. नंतर डॉक्टर फोटो काढायला वाकले तेव्हा मात्र ती उठली आणि त्यांच्या पांढऱ्या बुटावर बसली. सावकाश बसली, आणि बराच वेळ बसली.

जत्रेच्या आदल्या दिवशी सोलहून बर्फाची पेटी आली. मी वाफेतून आत डोकावले तर सगळ्या उन्हाळ्याचं पीक म्हणजे हॉटेलातल्या साबणाच्या वडीएवढं. त्याचे बारीक तुकडे केले, भाजले, छोट्या ताटलीत मांडले. दुसऱ्या ताटलीत यांचं. बाजूला लेट्यूसची पानं, लसूण, सोयाबीनची चटणी. पंच म्हणून नाम साहेबांनी संघटनांची मोठी माणसं बसवली आणि मधोमध सासूबाई. पंचक्रोशीत कुणाच्या घरी डुक्कर कापलं तर पहिला तुकडा त्यांच्यापुढे येतो, त्यांची जीभ कधी चुकत नाही असं लोक म्हणतात. स्थानिक वाहिनीचा कॅमेरा होता. हे चिमटा हातात धरून शेगडीशी उभे, मी मंडपाच्या खांबाशी.

सासूबाईंनी पहिल्या ताटलीतला तुकडा खाल्ला. “चांगलं आहे. बाजारातलं असेल.”

मग दुसऱ्या ताटलीतला घेतला. खूप वेळ चावला. सगळा मंडप त्यांच्या जबड्याकडे बघत होता.

“हे आपल्या घरचं,” त्या म्हणाल्या. “बोकसुनीचं आहे हे.”

लोकांना वाटलं म्हातारी चळली, कारण बोकसुनी तर घरी गोठ्यात लोळत होती. मग डॉक्टरांनी उभं राहून सांगितलं की दुसरी ताटली भांड्यातली आहे, आणि पेशी खरोखर बोकसुनीच्याच आहेत. टाळ्या थांबेनात. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाकीच्या पंचांनी घाईघाईनं सासूबाईंची री ओढली. यांनी चिमटा शेगडीवर ठेवला, पदर सोडावा तसा ॲप्रन सोडला आणि घरी चालत गेले. चार मैल, तेही चढाचे.

मी रात्री समजावलं. म्हटलं, अहो, त्यांनी तुमच्याच डुकरिणीचं कौतुक केलं की. हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “आईनं मला बाजारातलं म्हटलं.” ताटलीला नव्हे वन्सं, मला.

इकडे नाम साहेबांना पंख फुटले. धोरणाच्या मुखपृष्ठावर सासूबाईंचं वाक्य मोठ्या अक्षरांत आलं, खाली त्यांचा फोटो, तोंडात घास असतानाचा. आत मी दोनशे पानं लिहिली आहेत, ती कुणी उघडली नाहीत. प्रांताची मंडळी पुढच्या महिन्यात अनुदानासाठी तालुके निवडणार, आणि त्यांच्या लेखी आमच्याकडचा एकमेव पुरावा म्हणजे सासूबाईंची जीभ. साहेब आता म्हणतात, त्याच दमात हायड्रोजनचंही एक प्रकरण घाला, आणि जमलं तर चंद्राचं. चंद्रात दालगोक कुठे आहे, असं मी विचारलं. तेवढं समाधान घेतलं.

आणि हे गेले आहेत देजॉनला, संघटनेच्या प्रशिक्षणाला. निदान जाताना तसं सांगून गेले, सासूबाईंच्या मार्फत. बोकसुनीचे दिवस भरत आले आहेत. माझ्या हातचं ती खात नाही. मी बादली ठेवली की माझ्याकडे पाठ करते, अगदी यांच्यासारखी. घरात दोघांच्या पाठी बघायची सवय होतीच, आता निदान एकच आहे, असं म्हणून दिवस काढते आहे. तुम्ही काळजी करू नये. गुडघ्याला शेक देत जा.

तुमची,
ओकही

ता. क. काल तुम्ही पुन्हा फोन केलात आणि बोलता बोलता विचारलंत, यांची, म्हणजे तुमच्या चांगदूची, रक्तदाबाची गोळी सकाळची की रात्रीची. सकाळची आहे, जेवणानंतर. देजॉनला गेलेल्या माणसाच्या गोळीची चौकशी मासानहून का व्हावी, हे मी विचारत नाही. शिवाय बोकसुनीच्या कानात धोरणातला एक बिल्ला बसवला आहे, त्यावरून तिचा ताप आणि हालचाल फोनवर कळते. तो फक्त दोन फोनांना जोडलेला आहे, माझ्या आणि यांच्या. माझ्या एकाही फोनला उत्तर नाही, पण तिचा ताप तासातासाला बघितला जातोय. तेव्हा यांना खाऊ घालणं आता पुरे करावं आणि शुक्रवारच्या बसमध्ये बसवून द्यावं. बोकसुनी त्याआधी व्यायली तर मला काही जमणार नाही. हे पत्र एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी सासूबाईंना सूप नेऊन दिलं. परत आल्यावर लक्षात आलं, सोयासॉस समजून मी त्यात आलुबुखारचा पाक ओतला होता. धावत गेले तर त्यांनी वाटी रिकामी केली होती. “छान झालंय,” म्हणाल्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कानातलं यंत्र काढून हातात घेतलं आणि सांगितलं, उन्हाळ्यात ताप आला तेव्हापासून जिभेला काही कळत नाही. गोड नाही, खारट नाही. कुणाला सांगायचं, चवीसाठीच तर लोक मला विचारतात.

“मग बोकसुनीचं आहे हे कसं कळलं?” मी ओरडूनच विचारलं, यंत्र त्यांच्या हातात होतं म्हणून.

“एका ताटलीत चांगले मोठे तुकडे, दुसरीत एवढे एवढेसे. तुझं कुठलं, हे काय खाऊन कळायला हवं? तू खांबाला धरून उभी होतीस. मला नाही बघवलं.”

वन्सं, मी संध्याकाळभर विचार केला. हे बाहेर फुटलं तर मुखपृष्ठ जाईल, धोरण जाईल, मी परत वासाच्या टेबलावर. तरी यांना सांगा. आईची जीभ गेली आहे आणि तुझं मांस बाजारातलं नव्हतं, एवढं सांगा. खांबाचं सांगू नका, ते माझ्याकडे राहू दे. आणि सांगायचं ते बस सुटल्यावर फोन करून सांगा. आधी सांगितलंत तर हे तुमच्या दारातूनच नाम साहेबांना फोन लावतील आणि बस चुकेल.