एक्स्चेंजमधले कान

आष्टा,
६ ऑक्टोबर २०२५

चि. जिनेश यास,
जय जिनेंद्र आणि आशीर्वाद. हे पत्र वाचून होईपर्यंत पुरतील इतकेच.

काल रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही सगळे तिकडे शिरवळला नुसते ओठ हलवत होतात. माशांची टाकी बघावी तसं मी तुम्हाला बघितलं. माझं तुम्हाला पोचत होतं, तुमचं मला नाही. तुझ्या बायकोनं, ब्राह्मीनं, काहीतरी विचारलं, मी अंदाजानं ‘पोळ्या’ म्हटलं, तर ती तोंडावर हात धरून हसली. आज तिचा मेसेज आला, की तुझ्या अण्णांनी, म्हणजे माझ्या सख्ख्या मोठ्या भावानं, निकाल दिलाय: कस्तुरी लय बहिरी झालीया, तिला आता एकटी ठेवायची न्हाई. दिवाळीनंतर मला शिरवळला न्यायचं आणि इथल्या घराला कुलूप घालायचं.

मी बहिरी? सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळी नोकरी मी या दोन कानांवर केली. ट्रंक कॉलच्या खरखरीतून कुठला नवरा खोटं बोलतोय ते मला कळायचं. फोनवर मी तुझा शब्दन् शब्द ऐकते. पण अण्णा म्हणतात, कानाला चिकटवल्यावर कुणालाही ऐकू येतं.

बहिरा झालाय तो तुझा कॉम्प्युटर. जुना डबा टाकू नको म्हणून तूच त्यात ते फुकटचं लिनक्स घालून दिलंस. दसऱ्यापर्यंत बरा बोलत होता, आता त्यानं मौन धरलंय. त्याच्यापायी मी माझं घर, माझा झोपाळा आणि शेजारणीशी चाललेली भांडणं अर्धवट सोडून येणार नाही. उपाय लिही. तुटके मेसेज नकोत. ईमेल असली तरी मायन्यासकट पत्र हवं.

लोभ आहे, पण सध्या रोखून धरलाय.
तुझी कस्तुरी आत्या

शिरवळ,
८ ऑक्टोबर

ती. आत्यास,
जिनेशचा साष्टांग नमस्कार. मायना चुकला असेल तर लाल शाई वापरू नकोस.

अण्णांना सांगून बघितलं. ते मान डोलावतात आणि पुन्हा तेच म्हणतात. ब्राह्मी हसली त्याचं कारण असं, की तिनं तुला गुडघे कसे आहेत असं विचारलं होतं.

आता उपाय. पडद्याच्या वर उजव्या कोपऱ्यात स्पीकरचं चित्र आहे, त्यावर फुली नाही ना ते बघ. स्पीकरची वायर मागच्या हिरव्या भोकात घट्ट बसव. तरी आवाज नाही आला, तर टर्मिनल उघड. ती काळी खिडकी असते. त्यात alsamixer असं टाईप करून एंटर दाब. उभे खांब दिसतील. ज्या खांबाखाली MM आहे तो गप्प केलेला असतो. बाणानं तिथं जाऊन M दाब, म्हणजे 00 होईल. मग वरच्या बाणानं खांब चढव. कशालाही घाबरू नकोस, यानं काही बिघडत नाही.

रोखून धरलेला लोभ हप्त्याहप्त्यानं सोडावास ही विनंती.
तुझा जिनेश

आष्टा,
११ ऑक्टोबर

चि. जिनेश यास,
आशीर्वाद.

घाबरू नकोस असं मला लिहितोस? कॉन्व्हेंटमध्ये मदर सुपीरियरच्या खोलीत एकटी उभी राहिलेली मुलगी आहे मी. काळ्या खिडकीला घाबरली ती माझ्याकडे धुण्याभांड्याला येणारी हरणाबाई. आवं बाई, काय करणी केली का काय मशिनवर, असं म्हणत उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिली.

खांब दिसले. MM एकाही खांबाखाली नाही, सगळीकडे 00. खांब पार लाल होईपर्यंत चढवले. हिरवी वायर काढून घातली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. स्पीकर शेजारीण चंदना हिच्या टीव्हीला लावून बघितले, तिथं ते असे केकाटले की तिचा नातू रडायला लागला. म्हणजे स्पीकर निर्दोष. मग मी माझ्याच अकलेनं आवाजाच्या सेटिंगमध्ये शिरले. तिथं ‘हेडफोन्स’ निवडलेलं आहे. मी ‘स्पीकर्स’ करते, ते पुन्हा ‘हेडफोन्स’वर जाऊन बसतं. एक्स्चेंज सुटल्यापासून मी डोक्याला हेडफोन लावलेला नाही. हा डबा कुणाच्या कानात बोलतोय?

उद्या पुन्हा रविवार. पुन्हा मी मुक्या माशांसमोर बसणार आणि अण्णा डोकं हलवणार. लवकर लिही.

लोभाचा पहिला हप्ता सोबत.
कस्तुरी आत्या

शिरवळ,
१३ ऑक्टोबर

ती. आत्यास,
नमस्कार.

कालचा कॉल वाईट झाला. अण्णांनी सांगलीच्या कानाच्या डॉक्टरांकडे महिनाअखेरची तुझी वेळ घेतली, ब्राह्मीनं तुझ्यासाठी कपाट रिकामं केलं. मी एकटा किती लढू?

पण तू नेमकं बोट ठेवलंस. कॉम्प्युटरला वाटतंय की हेडफोन लावलेला आहे, म्हणून तो मागच्या स्पीकरला आवाज देत नाही. डब्याच्या पुढच्या बाजूला हेडफोनचं गोल भोक आहे. कॉम्प्युटर बंद कर, प्लग काढ आणि बॅटरी मारून आत बघ.

लोभ मिळाला, पोच देत आहे.
जिनेश

आष्टा,
२० ऑक्टोबर

चि. जिनेश यास,
दिवाळीचे आशीर्वाद, सगळे एकदम.

आत तांदूळ होता. कुंकू लागलेला, अखंड. खंडेनवमीला हरणाबाईनं विळी, पाटा, इस्त्री यांच्या रांगेत कॉम्प्युटरलाही बसवलं, हळदकुंकू लावलं आणि मूठभर अक्षता टाकल्या. मी शिकलेली बाई, मी असलं मानत नाही. मी फक्त उदबत्ती ओवाळली आणि पेढा दाखवला. चिमट्यानं तांदूळ काढला, डबा सुरू केला आणि तो असा बोलला की हरणाबाईनं हात जोडले.

तुला मुद्दाम कळवलं नाही. म्हटलं, काल कॉलवर बसायचं, माझ्यामागं कोण काय बोलतंय ते गुपचूप ऐकायचं आणि मग एकेकाला धरायचं. तुम्ही दोघं फराळाचं सामान आणायला गेला होतात. अण्णांनी एकट्यानंच कॉल लावला. त्यांनी विचारलं, जेवलीस का. मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी ओरडून हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, हिला एक अक्षर जात न्हाई.

अरे, मी दोनदा उत्तर दिलं होतं.

मी खडसवायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते पडद्याजवळ वाकले. म्हणाले, कस्तू, तुला ऐकू येत न्हाई म्हणून सांगतो, मला बी येत न्हाई. पोरं ताटावर हसली की मी त्यांची तोंडं बघून हसतो. तू आलीस की घरात दोन बहिरी, मग माझ्या एकट्याकडं कुणी बघणार न्हाई.

जिनेश, मी उघडलेलं तोंड मिटलं आणि ऐकू येत नाही अशी कानाला हात लावून खूण केली. माझ्या बाबतीत हे किती दुर्मिळ आहे ते तुला ठाऊक आहे. आता नीट वाच. कॉम्प्युटर दुरुस्त झाल्याचं अण्णांना सांगायचं नाही. त्यांच्या कानाशी ओरडायचं नाही आणि ब्राह्मीलाही ओरडू द्यायचं नाही. ताटावर हसलात तर कशाला हसलात ते त्यांच्याकडे तोंड करून सावकाश सांगायचं. डॉक्टरांची वेळ रद्द करू नकोस. पुढचं मी त्यांनाच पोस्टानं लिहितेय.

उरलेला सगळा लोभ आजच घे.
कस्तुरी आत्या

आष्टा,
२० ऑक्टोबर

ती. अण्णास,
धाकट्या कस्तूचा नमस्कार.

तुझा निकाल मला मान्य आहे. कानाच्या डॉक्टरांकडे मी येते. पण मला त्या खुर्चीची भीती वाटते, हसू नकोस. तू आष्ट्याला ये, इथून सांगलीला दोघं मिळून जाऊ. आधी तू बस. ते तुझ्या कानाला काय काय लावतात ते मी बघेन, मग धीर करून बसेन. तुला मशिन दिलं तर नाही म्हणू नकोस. मला एकटीला कानात मशिन घालून चार पाहुण्यांत बसायची लाज वाटेल.

डॉक्टरांनी मला एकटीनं राहायला नको म्हटलं, तर मी त्याच दिवशी पेटी भरून तुझ्याबरोबर शिरवळला निघेन, भांडणार नाही. राहू दे म्हणाले, तर पुन्हा विषय काढायचा नाही.

गाडीत डावीकडं मी बसणार, लहानपणापासूनची माझी बाजू आहे ती.

माया आहे ती कमी होऊ देऊ नकोस. उत्तर पत्रानंच पाठव, कॉलवर मला काही कळत नाही.

तुझी बहिरी बहीण,
कस्तुरी